युद्ध संपलं, रणगाडा तिथेच राहिला: पुढे त्याचं काय होतं?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराचे ढीग रोज पाहणाऱ्या माणसाला युक्रेनचे फोटो जरा वेगळे दिसतात. २०२२ पासून वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर ते येतच आहेत. रस्त्याच्या कडेला जळालेला रणगाडा, वरचा बुरूज उडून शेतात पडलेला, सगळ्यावर गंज चढू लागलेला. बातमी लढाईची असते, पण भंगाराच्या धंद्यातला माणूस वजनाचा विचार करतो. हे तीस-चाळीस टन लोखंड उचलणार कोण? ते कुणाच्या मालकीचं? विकलं तर पैसे कुणाला? आणि फिरत फिरत ते आपल्याच लोखंड वितळवण्याच्या भट्टीत आलं तर?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर चुकलं तर कामगार मरतात. पण तिथपर्यंत पोचायचं तर आधी पहिले तीन प्रश्न सोडवावे लागतील.

## चांगलं वाहन सोडून देतातच का?

रणगाडा सोडून दिलेला दिसला की आपण समजतो, तो तोफगोळ्याने फुटला असणार. पुष्कळदा त्याला ओरखडाही नसतो. चाकांभोवतीचा पोलादी पट्टा तुटलेला असतो, डिझेल संपलेलं असतं, नाहीतर तो रुतलेला असतो. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळ आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं आणि उसाच्या आडोशाला दबा धरला. पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे, एकेक सुमारे ४५ टनांचा, त्या चिखलात अडकले. भारतीय नोंदींप्रमाणे तिथे पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले. त्यांतले कित्येक तर आतल्या सैनिकांनी उतरून तसेच सोडून दिले होते. याच लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

लढाईच्या धामधुमीत वाहन मागे राहणं समजू शकतं. कोड्यात टाकते ती दुसरी गोष्ट: युद्ध जिंकल्यावर, चालू स्थितीतल्या हजारो गाड्या सोडून सैन्य घरी का जातं?

विहिरीत पडलेली जुनी मोटर आठवा. ती वर काढायला क्रेन आणि माणसं लावायची म्हटली, तर खर्च नव्या मोटरीच्या वर जातो. मग शेतकरी नवी घेतो आणि जुनी तळाशी राहते. सैन्याचा हिशेब हाच असतो, फक्त विहिरीच्या जागी समुद्र असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साधारण ६,४०,००० जीप, साडेपाच लाखांहून अधिक जीएमसी ट्रक आणि ४९,००० शर्मन रणगाडे बनले. १९४५ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा हा पसारा युरोपपासून ब्रह्मदेशापर्यंत आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर विखुरलेला होता. जहाजं हवी होती ती सैनिकांना घरी न्यायला. त्या जहाजात जुनी जीप चढवायची, तर तेवढी जागा अडते, आणि ती घरी पोचली तरी तिथले कारखाने नव्या गाड्या विकायला तयारच बसलेले.

म्हणून माझं म्हणणं असं की, युद्धानंतर रणगाड्याचं नशीब सेनापती ठरवत नाही, वाहतुकीचं भाडं ठरवतं. ऐंशी वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल सोडताना अमेरिकन सैन्याने विमानतळावरची ७३ विमानं-हेलिकॉप्टरं, सुमारे ७० सुरुंगरोधक गाड्या आणि हमव्ही नावाच्या २७ लष्करी गाड्या निकामी करून तिथेच ठेवल्या. अफगाण सैन्याला आधी दिलेली आणि देशातच राहिलेली सामग्री तर, अमेरिकेच्याच अहवालानुसार, ७ अब्ज डॉलरच्या वर होती.

## सापडला त्याचा झाला, असं असतं का?

असं नसतं. इथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात.

शत्रूची लष्करी सामग्री रणांगणात हाती लागली तर ती युद्धलूट. १९०७ च्या हेग नियमांपासून चालत आलेला दंडक असा की, शत्रुराष्ट्राचं लष्करी उपयोगाचं सामान ते पकडणाऱ्या राष्ट्राच्या मालकीचं होतं. ते पकडणाऱ्या सैनिकाचं किंवा ज्याच्या शेतात ते पडलं त्या शेतकऱ्याचं होत नाही. स्वतःच्याच सैन्याची गरज संपलेली सामग्री म्हणजे अतिरिक्त साठा. तो सरकार विकतं किंवा वाटतं. या दोन्हींतलं काहीच जमलं नाही की उरतं ते भंगार, आणि त्याला व्यवहारात कायद्यापेक्षा काट्यावरचं वजन जास्त लागू पडतं.

मग युक्रेनचे शेतकरी ट्रॅक्टरने रणगाडे ओढून नेत होते त्याचं काय? मार्च २०२२ मध्ये तिथल्या भ्रष्टाचारविरोधी संस्थेने जाहीर केलं की, हाती लागलेलं रशियन लष्करी वाहन मालमत्तेच्या विवरणपत्रात दाखवायची गरज नाही. पुष्कळांनी त्याचा अर्थ 'ठेवून घ्या' असा लावला. प्रत्यक्षात दुरुस्त होण्याजोगी वाहनं सैन्याकडे गेली आणि रंग बदलून पुन्हा लढाईत उतरली.

उसन्या सामग्रीचा तिढा आणखी निराळा. अमेरिकेने मित्रराष्ट्रांना 'लेंड-लीज' नावाच्या योजनेत युद्धसाहित्य दिलं होतं. अट अशी की, वापरात संपलं तर संपलं. उरलं तर परत करा, नाहीतर नष्ट करा. याच अटीपायी कानपूरच्या विमानतळावर ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर बॉम्बफेकी विमानं मोडतोड करून टाकून दिलेली होती. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसेक विमानं उडती केली, आणि १९६८ पर्यंत ती आपल्या हवाई दलात राहिली. टाकाऊ ठरवलेल्या वस्तूवर इतक्या चिकाटीने केलेलं काम आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

## गरिबांना वाटून का टाकलं नाही?

हा आक्षेप प्रशांत महासागरातल्या वानुआटूत आजही ऐकू येतो. तिथल्या एस्पिरितू सांतो बेटावर अमेरिकेचा मोठा तळ होता. जाताना त्यांनी ट्रक, बुलडोझर आणि इतर सामान तिथल्या ब्रिटिश-फ्रेंच प्रशासनाला कवडीमोलाने देऊ केलं. प्रशासनाने वाट पाहिली. हे लोक तसंही टाकूनच जाणार, मग पैसे कशाला मोजायचे? अमेरिकन सैन्याने समुद्रात उतार बांधला आणि एकेक वाहन पाण्यात ढकललं. त्या जागेला 'मिलियन डॉलर पॉइंट' म्हणतात आणि पाणबुडे पर्यटक आज तिथे गंजलेले ट्रक पाहायला जातात.

यामागे घासाघीस फसल्याचा राग होता, तसंच बाजाराचं गणितही होतं. लाखो गाड्या फुकट वाटल्या तर नवी गाडी घेणार कोण, ही भीती कारखानदारांना होती.

विकलेल्या मालाचे पैसे मात्र एका चांगल्या कामी आले. परदेशांत विकलेल्या सामग्रीची रक्कम त्या-त्या देशाच्या चलनात अडकून पडली होती. १९४६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की, या पैशातून विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची देवाणघेवाण करावी. आपल्याकडची मुलं आज जिच्यासाठी अर्ज करतात ती फुलब्राइट शिष्यवृत्ती अशी सुरू झाली.

## भारतात काय झालं?

आपल्याकडे ब्रह्मदेश आघाडीमुळे आसामपासून बंगालपर्यंत गाड्यांची रांग लागलेली होती. सरकारने त्यासाठी डिस्पोजलचं, म्हणजे उरलेल्या सामानाची विल्हेवाट लावण्याचं, वेगळं खातं काढलं. पुढे ते पुरवठा खात्यात मिसळलं आणि २०१७ मध्ये बंद झालं, पण 'मिलिटरी डिस्पोजलची गाडी' हा शब्दप्रयोग गावागावांत राहिला. पश्चिम बंगालमधलं पानागढ हे महायुद्धातलं विमानतळाचं गाव जुन्या लष्करी गाड्यांच्या बाजारासाठी आजही ओळखलं जातं.

सगळ्यांत लांब धावली ती जीप. फिलिपिन्समध्ये लोकांनी उरलेल्या जीप लांबवून, रंगवून 'जीपनी' नावाची प्रवासी गाडी बनवली. आपल्याकडे १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीस जीपचे सुटे भाग मागवून मुंबईत जोडणी सुरू केली. त्याच घराण्यातल्या गाड्या पुढे मराठवाड्यात काळी-पिवळी झाल्या. एसटी पोचत नव्हती त्या तांड्या-वाड्यांवरून बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला माणसं नेणारी काळी-पिवळी ही युद्धासाठी आखलेल्या गाडीची वंशज आहे.

जुना माल घेताना फसगतही झाली. १९४८ मध्ये काश्मीरसाठी तातडीने जीप हव्या होत्या, म्हणून लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत दुरुस्त केलेल्या २,००० जुन्या जीपचा सौदा झाला. पोचल्या १५५, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला. स्वतंत्र भारतातलं हे पहिलं गाजलेलं संरक्षण खरेदी प्रकरण, आणि ते मोडक्या युद्धगाड्यांचं होतं.

मराठवाड्याने रणगाडे पाहिले तेही याच उरलेल्या साठ्यातले. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या हैदराबाद संस्थानावर सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि त्याच दिवशी दुपारी ती उमरग्याला पोचली. तुळजापूरला पहाटे दोन तास लढाई झाली; तिथून लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी नदीला पूर आल्यामुळे अडली. या कारवाईतले शर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे अमेरिकेत महायुद्धासाठी बनलेले होते. आपला मुक्तिसंग्राम दिन ज्या चार-पाच दिवसांच्या धडकेमुळे १७ सप्टेंबरला आला, तिची यंत्रं दुसऱ्याच युद्धातून उरलेली होती.

## रणगाड्याचा ट्रॅक्टर करता येतो का?

येतो, आणि करूनही पाहिलेला आहे. युद्धानंतर ब्रिटनने पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिकात भुईमुगाची अवाढव्य शेती काढायचं ठरवलं. जंगल साफ करायला शर्मन रणगाड्यांच्या भागांपासून ट्रॅक्टर बनवले. जमीन दगडासारखी टणक, पाऊस बेभरवशाचा, सुटे भाग मिळेनात. १९५१ मध्ये योजना गुंडाळली गेली आणि ३.६ कोटी पौंड बुडाले. अवर्षणात भुईमूग घेऊन पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला आधी विचारलं असतं, तर त्याने जमीन आणि पाऊस पाहून तिथेच सांगितलं असतं.

अडचण अशी की, रणगाडा जड असतो आणि डिझेल भयंकर पितो. तो अंगावर गोळा झेलायला बनवलेला असतो, रोज आठ तास काम करायला नव्हे. जीप आणि ट्रक नागरी जीवनात सहज मिसळले; रणगाडा नाही. अफगाणिस्तानात १९८९ नंतर मागे राहिलेल्या सोव्हिएत रणगाड्यांची धडं लोकांनी ओढ्यावर पूल म्हणून आणि रस्त्याला भिंत म्हणून वापरली. इंजिन, तांब्याच्या तारा, जे जे सुटतं ते काढून विकलं. उरलेला सांगाडा आज ना उद्या कापायलाच जातो.

## भट्टीत नेमकं काय घडतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जालन्यात जुनं लोखंड वितळवून त्याचे बिलेट, म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे, आणि बिलेटच्या सळया बनतात. देशभरच्या इमारतींत त्या जातात. देशातल्या भंगाराबरोबर बाहेरून आलेलं भंगारही या धंद्यात लागतं.

रणगाड्याचं पोलाद साधं नसतं. त्यात निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम मिसळलेलं असतं, म्हणून ते कणखर असतं. शर्मनचा पुढचा पत्रा सुमारे ५१ मिलिमीटर जाडीचा होता. असा पत्रा गॅस कटरने कापायला वेळ, ऑक्सिजन आणि मजुरी पुष्कळ जाते. कित्येक सोव्हिएत रणगाड्यांच्या पट्ट्यांत इतकं मँगनीज असतं की त्यांना चुंबक चिकटतच नाही; चुंबकाची क्रेन ते उचलू शकत नाही.

पण पोलाद ही काळजीची गोष्ट नाही. काळजी आहे ती पोलादाच्या आत काय राहिलं याची. भट्टीतला रस सुमारे १,६०० अंश सेल्सिअसचा असतो. त्यात बंद नळी पडली, शॉक अब्सॉर्बर पडला किंवा नुसती ओल असलेलं भंगार पडलं, तरी आतल्या पाण्याची, तेलाची किंवा हवेची क्षणात वाफ होऊन किंवा फुगवटा येऊन रस बाहेर उसळतो. जालन्यात भट्टीवरच्या अपघाताच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा लगेच युद्धभंगाराचा संशय घेऊ नये; एवढंसं पाणीही पुरतं.

मग तिथे न फुटलेला तोफगोळा आला तर? गोळा डागल्यावर प्रत्येक वेळी फुटतोच असं नाही. टोकाची ठिणगी देणारी यंत्रणा, म्हणजे फ्यूज, बिघडली तर आतली दारू तशीच राहते. टीएनटी नावाची दारू ८० अंशांच्या आसपास वितळते, पण वर्षानुवर्षं पडून राहिल्याने निकामी होत नाही. त्यावर गॅस कटर चालवणं म्हणजे ती पेटवायला ज्योत धरणं.

हे कल्पनेतलं नाही. ३० सप्टेंबर २००४ ला गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगाराबरोबर आलेली स्फोटकं फुटली आणि दहा कामगार मेले. त्यानंतर देशात ठिकठिकाणी भंगाराच्या कंटेनरांत गोळे सापडत राहिले. दूरच्या कुठल्या तरी युद्धाचं भंगार जहाजाने आलं होतं, आणि मेली ती ज्यांचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता अशी रोजंदारीवरची माणसं.

## 'आता तर तपासणी होते ना?'

होते, आणि तिचा उपयोगही झाला आहे. काही देश सोडले तर, तुकडे न केलेलं आयात भंगार जहाजावर चढण्याआधी त्यात दारूगोळा नाही असं तपासणी प्रमाणपत्र लागतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं उपकरण फोडताना कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ उघडा पडला आणि एकाचा जीव गेला. त्यानंतर बंदरांवर किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं बसवण्यावर भर आला.

किरणोत्सर्गाचा युद्धवाहनांशी संबंध दोन प्रकारे येतो. महायुद्धातल्या गाड्यांच्या आणि विमानांच्या घड्याळी तबकड्या अंधारात दिसाव्यात म्हणून त्यांवर रेडियम लावत. चमक कधीच गेली, रेडियम मात्र आहे. निम्मं व्हायलाच त्याला सुमारे १,६०० वर्षं लागतात. दुसरा प्रकार १९९१ च्या आखाती युद्धातला. अमेरिकेने चिलखत फोडायला क्षीण युरेनियमचे गोळे वापरले. अणुइंधन बनवताना उरणारा हा जड धातू नैसर्गिक युरेनियमपेक्षा कमी किरणोत्सर्गी असतो, त्यामुळे नुसता जवळून गेल्याने घाबरायचं कारण नाही. पण गोळा आदळला की त्याची बारीक भुकटी होते, आणि ती श्वासातून आत गेली तर मूत्रपिंडांना आणि फुफ्फुसांना धोका असतो. असा रणगाडा कापणारा माणूस नेमकी तीच धूळ उडवतो.

तपासणीची खरी मर्यादा ही की, ती बंदरावर होते. देशातच निघालेल्या भंगाराला बंदर लागतच नाही. आपल्या शेजारी अहिल्यानगरजवळ के. के. रेंज हा लष्कराचा तोफा-रणगाड्यांच्या सरावाचा पट्टा आहे. सरावात न फुटलेले गोळे तिथे मागे राहतात आणि पितळ-तांब्याच्या आशेने ते फोडू पाहणाऱ्या गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. त्यांना मूर्ख म्हणणं मला पटत नाही. दिवसाच्या मजुरीपेक्षा किलोभर पितळाला जास्त पैसे मिळतात, हे त्यामागचं साधं कारण आहे.

## मग सगळे रणगाडे वितळवून टाकावेत का?

नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने २६० हून अधिक रणगाडे गावोगावी भेट दिले होते. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा जवळजवळ सगळे कापले गेले; केंट परगण्यातल्या अ‍ॅशफर्डचा तेवढा राहिला. एकदा वितळलेलं परत आणता येत नाही.

आपल्याकडे असल उत्तरच्या लढाईनंतर पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ ओळीने मांडले गेले, लोक त्याला पॅटन नगर म्हणू लागले. तिथून ते देशभरच्या छावण्यांत आणि चौकांत गेले. कोहिमात १९४४ च्या लढाईत उतारावर अडकलेला ली रणगाडा आजही तिथेच जपून ठेवला आहे. मराठवाड्यातून सहज जाता येण्याजोगं ठिकाण म्हणजे अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पकडलेल्या पॅटनबरोबर महायुद्धातले जपानी रणगाडेही आहेत. तिथे मुलांना नेलंत तर तोफेच्या नळीपेक्षा पट्टे आणि चाकं नीट दाखवा. एवढं जड यंत्र चिखलात का अडकतं हे तिथे लगेच कळतं.

संग्रहालयातल्या किंवा चौकातल्या रणगाड्यातून दारूगोळा काढून त्याची तोफ निकामी केलेली असते. भंगाराच्या ढिगातल्या वस्तूची अशी हमी कुणी दिलेली नसते. म्हणून यार्डात लांबट, एका टोकाला निमुळती, तळाशी पितळी कडं किंवा मागे पंख असलेली जड वस्तू दिसली, तर ती हलवायची नाही, ठोकून पाहायची नाही, पाण्यातही टाकायची नाही. आजूबाजूचे गॅस कटर बंद करायचे, माणसं लांब न्यायची आणि ११२ वर फोन करून पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक बोलवायचं. ही सूचना चित्रासह यार्डाच्या दारावर हवी, आणि मराठीबरोबर हिंदीतही हवी, कारण भट्टीवर काम करणारे पुष्कळ जण बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. ढिगावरचं काम थांबवलं म्हणून कामगाराची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हेही त्याच फलकावर मालकाने लिहून द्यायला हवं.